सूर्याचा षड्ज

मिरज, मंगळवार

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'सूर्यातून ॐचा नाद येतो, नासानं तो टिपला' असा संदेश आजोबांनी घरच्या ग्रुपवर टाकला. तू त्याखाली 'हे खोटं आहे' असं लिहिलंस, आणि त्या दिवसापासून आजोबा तुझ्यासमोर जपाची माळ हातात घेत नाहीत. तू खोडून काढलंस ते बरोबरच होतं. पण शेवटी तू विचारलं आहेस, 'मग जपालाही काही अर्थ नाही, असंच ना सर?' हे पत्र त्या प्रश्नासाठी.

आधी सूर्याचं बघू. तुझ्याच विषयातलं आहे, म्हणून नुसतं 'खोटं' म्हणून भागणार नाही. त्यात खरं किती हेही सांगता आलं पाहिजे. सूर्याचा पृष्ठभाग खरोखरच वरखाली होत असतो आणि एका हेलकाव्याला साधारण पाच मिनिटं लागतात. 1995 च्या डिसेंबरात सुटलेल्या सोहो या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरच्या उपकरणानं हे हेलकावे टिपले, तेही प्रकाशात पडणारा बारीकसा फरक मोजून. पृष्ठभाग आपल्याकडे येताना आणि लांब जाताना त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलते, तो डॉप्लर परिणाम तू शिकली आहेस, जास्त सांगत नाही. तिथं मायक्रोफोन नव्हता, आणि असता तरी निर्वातातून आवाज येणार कसा? पुढे शास्त्रज्ञांनी चाळीस दिवसांच्या नोंदी 42,000 पट वेगानं चालवल्या, तेव्हा कुठं कानाला ऐकू येईल असं काही हाती लागलं.

आता वही घे. 300 सेकंदांत एक कंपन. वेग 42,000 पट केला की सेकंदाला 140. पेटीवर काळी एकचा, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज (सा) सेकंदाला 139 कंपनांच्या आसपास येतो, आणि माझा तंबोरा काळी एकचा आहे. ही आकडेमोड पहिल्यांदा केली तेव्हा अंगावर काटा आला होता. सूर्य आणि माझ्या तंबोऱ्याच्या जोडीच्या, षड्जात लावलेल्या तारा एका सुरात! पण 42,000 हा आकडा सूर्यानं दिलेला नाही, माणसानं निवडलेला आहे. त्याच्या जागी 30,000 घेतला असता तर कंपनं 100 आली असती आणि सूर्य माझ्या तंबोऱ्याला बेसूर झाला असता.

या मोहाला मी स्वतः बळी पडलो आहे, म्हणून तुला सावध करतो. तीसेक वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवातल्या व्याख्यानात मी ठणकावून सांगितलं होतं की अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनच्या कितीतरी आधी आपल्या कणादांनी अणू शोधला. टाळ्या पडल्या. मंडपाबाहेर चपला घालत असताना आठवीतली एक मुलगी आली आणि म्हणाली, "मग त्यांनी अणूचं वजन किती सांगितलंय?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या रात्री झोप लागली नाही. नंतर वैशेषिकांचं, म्हणजे कणादांच्या दर्शनाचं, नीट वाचायला घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की तुकड्यांचे तुकडे होत राहिले आणि ते कधीच संपले नाहीत, तर मोहरीचेही तुकडे अनंत आणि मेरूचेही अनंत. मग मोहरी लहान आणि मेरू मोठा, असं का? म्हणून कुठंतरी थांबावं लागतं, तो परमाणू. केवढा देखणा विचार आहे! तो त्यांनी तराजू लावून काढलेला नाही, अनुमानानं काढला आहे. मी मात्र कणादांना डाल्टनच्या पंगतीला बसवायच्या नादात त्यांचं स्वतःचं म्हणणंच लोकांना सांगितलं नाही.

ॐचंही तसंच झालं आहे. मांडूक्य उपनिषद बारा मंत्रांचं, तासाभरात वाचून होईल. अकार म्हणजे जागेपण, उकार स्वप्न, मकार गाढ झोप. आणि चौथा? तो 'अमात्र'. त्याला मात्रा नाही, उच्चार नाही, तो कुठल्या व्यवहारात सापडत नाही. म्हणजे ज्या ग्रंथानं ॐचा एवढा खोल विचार केला, त्यानं त्याचा शेवट निःशब्दात नेऊन ठेवला. ते यंत्रात कसं भरणार? आजोबांना हे सांग. त्या संदेशानं ॐचा मान वाढला नाही, उलट मांडूक्यानं एवढं मोठं करून ठेवलेलं सेकंदाला 140 कंपनांत कोंबलं गेलं.

आणखी एक दाखवायचं आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात 'सर्वधर्मान् परित्यज्य' या श्लोकावर भाष्य करताना शंकराचार्य म्हणतात, अग्नी थंड आहे किंवा त्याला प्रकाश नाही असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण ठरत नाही. प्रत्यक्षानं, अनुमानानं जे कळत नाही, तिथंच श्रुतीचा अधिकार. वेदांना शिरोधार्य मानणारा माणूस हे लिहितो आहे! विस्तव गरम की गार, हे विस्तवालाच विचारायचं.

तेव्हा आजोबा जे म्हणतील ते कशाबद्दल आहे, हे आधी बघ. जप केला की जिवाची तगमग थांबते, असं ते म्हणाले तर ते त्यांच्या आतलं आहे. ज्ञानेश्वरांनी पहिल्याच ओवीत 'स्वसंवेद्या' अशी हाक मारली, ज्याचं त्यालाच कळावं असं ते. तिथं तुझी फूटपट्टी पोचत नाही, आणि नासाच्या शिक्क्याचीही गरज नाही. पण उद्या ते म्हणाले की जपानं साखर उतरते, आता औषध बंद, तर ते बोलणं रक्ताबद्दल आहे. तिथं लॅबचा कागदच बोलेल, आणि औषध तू स्वतः त्यांच्या हातावर ठेवायचंस. साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर जन्मभर असल्या दाव्यांना प्रश्न विचारत राहिले आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांची सगळीच मतं मला पटत नव्हती. पण तो प्रश्न विचारण्याचा हक्क कुणी मागितला तर मी त्याच्या बाजूनं उभा राहीन, तूही राहा.

देवगिरीच्या यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव होता. त्याच्या संगीतरत्नाकर या ग्रंथात अनाहत, म्हणजे आघाताविना उमटणाऱ्या, नादाचं वर्णन आहे, शरीरातली चक्रं आहेत. मग तो म्हणतो, अनाहत हा मुनींच्या उपासनेचा नाद, त्यात लोकांचं रंजन नाही. म्हणून आपण आहताकडे, आघातातून निघणाऱ्या नादाकडे वळू. आणि बावीस तारांच्या दोन वीणा घेऊन श्रुती (इथं वेद नव्हे, सप्तकातले बारीक स्वरभेद) कशा पारखायच्या ते सांगायला बसतो. एकाच ग्रंथात दोन्ही आहेत. एकाचा पुरावा म्हणून त्यानं दुसरं पुढे केलेलं नाही.

आता आपल्या मिरजेचं. सतारमेकर गल्लीत एखादा कारागीर जवारी लावताना, म्हणजे तारेला झणकार आणताना, तू पाहिलं आहेस का? घोडीवर तार टेकते तिथं तिच्याखाली सुताचा दोरा असतो. तो केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. तार मुकी, मुकी, आणि एका जागी एकदम बोलायला लागते. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं. तार बरोबर मध्यावर छेडली तर नेहमीच्या नियमानं तिचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर, उमटायला नको, पण तंबोऱ्यात तो ठणठणीत उमटतो. कारण तार त्या पसरट घोडीला घासत, टेकत कंप पावते. खर्जातून, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या तारेतून, जो गांधार (ग) आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू म्हणतो, तो तिचा पाचवा हार्मोनिक. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, वर्गात शिकवलं आहे. तरी पहाटे तो गांधार उमटला की मी बोटं थांबवून बसून राहतो. माहीत असल्यानं त्यातलं काही कमी झालेलं नाही. (आणि हे दोरे लावणारी बहुतेक घरं मुसलमानांची आहेत. नादब्रह्म म्हणताना ते हात मला नेहमी आठवतात.)

आजोबांशी बोल. संदेश खोटा आहे असं म्हटल्याबद्दल माफी मागू नकोस. सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलंस त्याची माग. ग्रुपवर नको, त्यांच्याजवळ बसून. आणि जप करताना नेमकं काय होतं, हे त्यांना विचार. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. उत्तर यायला वेळ लागेल, मध्येच बोलू नकोस.

रविवारी सकाळी सातच्या आत दोघं या. तंबोरा परवाच दुरुस्तीहून आला आहे आणि खर्जाची जवारी अजून थोडी बंद वाटते. दोरा तू सरकव, आजोबांना ऐकू दे. तार कुठं बोलली ते त्यांनी सांगायचं.

तुझा,
सर