वाचक विचारतात: उंची ६ फूट ४, बजेट २०० युरो, धनुष्य कुठलं घेऊ?

प्रश्न: नमस्कार दादा, मी नोकरीसाठी म्युनिकजवळ राहतो. इथे जंगलात फोमचे प्राणी उभे करून त्यांच्यावर बाण मारायचे थ्रीडी कोर्स असतात, मित्रांनी एकदा नेलं आणि वेडच लागलं. आता स्वतःचं साधं लाकडी धनुष्य घ्यायचंय, नेम धरायची साइट-बिट काही नको. उंची ६ फूट ४ इंच, बजेट २०० युरो, त्याच्या वर बायको परवानगी देणार नाही. एका दुकानात ६० इंची, ४५ पाउंडांचं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) सेलमध्ये आहे, दिसायला एकदम जबरदस्त. घेऊन टाकू का?

उत्तर: नको रे बाबा. धनुष्य चांगलंच असेल, पण ते तुझ्यासाठी नाहीये, आणि सेलमध्ये उरलेली धनुष्यं बरेचदा अशीच असतात, आखूड आणि जड.

आधी एक काम कर. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसर आणि बायकोला सांग या मधल्या बोटाच्या टोकापासून त्या टोकापर्यंत इंचात मोज म्हणून. आलेल्या आकड्याला अडीचने भाग. तुझ्या उंचीच्या माणसाचे हात साधारण ७६-७७ इंच भरतात, म्हणजे ड्रॉ लेंथ, स्ट्रिंग किती लांब ओढली जाते ते माप, साडेतीस ते एकतीसच्या आसपास. हा अंदाज आहे हं. पारंपरिक पद्धतीने मारताना कोपर थोडं वाकलेलं असतं, धनुष्य तिरकं धरतो, हात गालापाशीच थांबतो, त्यामुळे प्रत्यक्षात इंचभर कमी पण भरू शकतं. खात्रीचा उपाय म्हणजे क्लबमधलं एखादं हलकं धनुष्य आणि मुद्दाम लांब ठेवलेला बाण घ्यायचा, नीट अँकरपर्यंत, म्हणजे हात गालावर जिथे दरवेळी थांबतो तिथपर्यंत ओढायचं आणि दुसऱ्याने धनुष्याच्या पुढच्या कडेपाशी बाणावर पेनाने खूण करायची. मग स्ट्रिंग हळूच परत आणायची, बाण न लावता रिकामी तर कधीच सोडायची नाही, लिम्ब, म्हणजे धनुष्याचे वरखालचे वाकणारे भाग, तडकतात.

आता हे ३१ महत्त्वाचं का, तर धनुष्यावर जे पाउंड, म्हणजे ओढायला लागणारा जोर, लिहिलेले असतात ते २८ इंच ओढल्यावरचे असतात. कंपनीला तुझे हात किती लांब आहेत ते कुठे माहितीये! २८ च्या पुढे प्रत्येक इंचाला लिहिलेल्या पाउंडांच्या साधारण पाच टक्के वजन वाढतं असं ढोबळ धर, म्हणजे ते ४५ वालं तुझ्या हातात ५२ च्या आसपास जाणार. तेही धनुष्य शेवटपर्यंत सरळ वागलं तर, आणि ६० इंची धनुष्य ३१ ला सरळ वागत नाही. आखूड धनुष्य जास्त ओढलं की लिम्बचं टोक आणि स्ट्रिंग यांच्यातला कोन काटकोनाकडे जायला लागतो, मग शेवटच्या दोन इंचांत वजन एकदम चढतं, याला स्टॅकिंग म्हणतात, आणि नेमकं जिथे शांतपणे थांबून नेम धरायचा तिथेच तुझा खांदा थरथरायला लागतो. वर स्ट्रिंगचा कोन इतका टोकदार होतो की तिन्ही बोटं एकमेकांवर चेंगरतात, सुटताना स्ट्रिंग एका बोटावरून आधी निसटते, दुसऱ्यावरून नंतर, आणि बाण जातो झुडपात. नवीन माणसाला वाटतं आपलाच नेम कच्चा.

उंचीचं आणि धनुष्याचं थेट नातं नाहीये, नातं आहे ते ओढण्याचं. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचं मेरी रोझ जहाज १५४५ ला बुडालं आणि १९८२ ला वर काढलं, त्यात १३७ अख्खी लाँगबो, म्हणजे लांब लाकडी धनुष्यं, सापडली, बहुतेक १.८७ ते २.११ मीटर लांबीची. ते तिरंदाज काही साडेसहा फुटी नव्हते, पण ओढ लांब होती म्हणून लाकूडही लांब. जपानी तिरंदाजीत, क्यूदोत, पण तेच, नेहमीचं धनुष्य २२१ सेंटीमीटरचं आणि ज्याचा बाण लांब त्याला २२७ चं देतात.

मग घ्यायचं काय? माझं स्पष्ट मत, ६८ किंवा ७० इंची टेकडाउन. टेकडाउन म्हणजे मधला दांडा, रायझर, वेगळा आणि वरखालचे लिम्ब स्क्रूने लावायचे. क्लबमध्ये ऑलिंपिक पद्धत शिकवायला जी साधी लाकडी धनुष्यं वापरतात ना, तीच. ती ६६, ६८, ७० मध्ये मिळतात आणि स्वस्त असतात, कारण त्यांना कोणी शिकारीचं धनुष्य म्हणून मिरवत नाही. साइट लावायचीच नाही, बाण टेकवायला चिकटवायचा एक छोटा रेस्ट लावला की झालं तुझं धनुष्य तयार. लिम्ब २८ किंवा ३० पाउंडांचे घे. ३० चे तुझ्याकडे ३४-३५ होतात आणि फोमच्या डुकराला तेवढे भरपूर झाले. पुढे खांदा तयार झाला की फक्त लिम्ब बदलायचे, रायझर तोच. मित्र हसतील तीस पाउंडांना, हसू दे, त्यांचे बाण शोधायला तूच जाशील.

इंटरनेटवर सगळे सॅमिक सेज नावाचं टेकडाउन सुचवतात, तेच आता गॅलॅक्सी सेज नावानेही मिळतं. स्वस्तात मस्त आहे यात वाद नाही, पण ते ६२ इंची आहे, साधारण २९ इंच ओढीपर्यंत छान. सहा फुटांच्या आतल्या माणसाने डोळे झाकून घ्यावं, तू नको.

आयएलएफ नावाची फिटिंग असलेलं सेकंडहँड रायझर मिळालं तर त्याहून उत्तम, कारण मग कुठल्याही कंपनीचे लिम्ब बसतात. २५ इंची रायझरला शॉर्ट लिम्ब लावले की ६६, मीडियम ६८, लाँग ७०, तुला लाँगच. क्लबातले लोक वरच्या पाउंडांवर गेले की जुने हलके लिम्ब मिळेल त्या किमतीला काढून टाकतात, तिथे नजर ठेव. जुनं घेताना स्ट्रिंग चढवून टोकाकडून बघ, ती लिम्बच्या मधोमध दिसली पाहिजे, एका बाजूला पळत असेल तर लिम्ब पिळलाय. थर सुटलेत का, आडवी चीर आहे का तेही बोट फिरवून बघायचं. फार जुन्या धनुष्याला डॅक्रॉनचीच, थोडी ताणणारी स्ट्रिंग लावायची, नवीन न ताणणाऱ्या स्ट्रिंगने त्यांची टोकं फुटू शकतात.

आणि एकाच लाकडातून कोरलेलं इंग्लिश पद्धतीचं धनुष्य कोणी स्वस्तात देत असेल तर पहिला प्रश्न विचार, हे किती इंचांपर्यंत टिलर केलंय, म्हणजे किती ओढीपर्यंत नीट वाकेल असं तासलंय? २८ सांगितलं तर ते २८ च्या पुढे ओढायचं नाही म्हणजे नाही, मोडेल, आणि मोडतं ते तोंडासमोर. तुझ्या ओढीला असलं धनुष्य ७६-७८ इंचांचं हवं आणि मुद्दाम बनवून घ्यायला लागतं, म्हणजे २०० युरोचा विषय संपला.

सगळे पैसे धनुष्यावर उडवू नकोस. बाण, हाताचा गार्ड, बोटांचं टॅब आणि स्ट्रिंग चढवायची दोरी यांना पैसे राखून ठेव, कारण बाणातच उंच माणूस जास्त फसतो. तयार बाण २८ नाहीतर ३० इंचांचे असतात, तुला निदान ३२ हवेत. आखूड बाण ओढताना टोक रेस्टच्या मागे आलं की सुटताना तो थेट तुझ्याच हातात घुसू शकतो, गंमत नाहीये ही. लाकडी शाफ्ट, म्हणजे बाणाच्या काड्या, साधारण ३२ इंचीच येतात, त्यातही टोक बसवताना थोडी लांबी जाते, म्हणून सुरुवातीला न कापलेले कार्बन घे. बाण लांब ठेवला की तो जास्त लवचिक वागतो, तेव्हा दुकानात फक्त पाउंड सांगून भागणार नाही, बाणाची लांबी पण सांग, ते एक पायरी कडक स्पाइनचा (स्पाइन म्हणजे बाणाचा कडकपणा) बाण देतील.

प्रश्न: सर, आम्ही अमरावतीला असतो. मुलगा १६ वर्षांचा, आत्ताच ६ फूट १ आहे आणि अजून वाढतोय. शाळेकडून इंडियन राउंड खेळतो, बांबूचं धनुष्य. महागडं घेऊन द्यावं का, की थांबावं?

उत्तर: ताई, महागडं आत्ता अजिबात नको. इंडियन राउंड ५० आणि ३० मीटरवर बांबूच्याच धनुष्याने खेळायचा असतो, त्यात खर्च आटोक्यात राहतो हीच त्याची चांगली बाजू. मात्र बांबूला पण वरचेच नियम, किंबहुना जास्त कडक, कारण बांबू ओढीच्या पलीकडे नेला तर तो सांगून मोडत नाही. विकत घेताना मुलाला सोबत न्या, त्याच्या ओढीपर्यंत ओढून तिथे काट्यावर वजन करून द्या म्हणा. जो विक्रेता नुसतं हातात धरून "चाळीस आहे" म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी त्याची ओढ मोजा, या वयात शर्टाच्या बाह्या आखूड झाल्या की बाणही आखूड झालाय असं समजा. नवीन खर्च करायचाच तर आधी लांब बाणांवर. ओजस देवतळे, अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून बऱ्याच पालकांना थेट त्यांच्यासारखं कंपाउंडच, म्हणजे चाकांचं धनुष्य, घ्यायचं असतं, पण तो वेगळा प्रकार आहे, वेगळा खर्च आहे, तो निर्णय कोचशी बोलूनच घ्या.

प्रश्न: मी पण ६ फूट ५ आहे, पण मला ते घोड्यावरचं छोटं वाकडं धनुष्यच आवडतं. उंच माणसाने ते घेऊच नये का?

उत्तर: घ्या की! तुर्की, कोरियन धनुष्यांची टोकं कडक आणि पुढे वळलेली असतात, त्यामुळे लांबी कमी असूनही ओढ लांब मिळते. कोरियन तर छोटं असून ३१-३२ इंच आरामात ओढतात आणि १४५ मीटरवरच्या निशाणावर मारतात. त्यांचं आधुनिक फायबर ग्लासचं धनुष्य खऱ्या शिंगाच्या धनुष्याच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. फक्त ते अंगठ्याने ओढायचं असतं, तीन बोटांनी ओढलं तर परत तेच, बोटं चेंगरणार. आणि "हॉर्सबो" नावाने जे स्वस्तातलं मिळतं त्यातली बरीच २८-२९ इंचांपर्यंतचीच असतात, दिसायला अगदी तशीच. जास्तीत जास्त किती ओढता येईल हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, ३२ लिहून देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.