'जीएसएम' : अक्षरे तीन, विस्तार किती?

फोनच्या माहितीपत्रकातही 'जीएसएम' असते आणि कागदाच्या रिमावरही. शिवाय दूरसंचाराविषयीच्या लेखनात त्याचा विस्तार कुठे फ्रेंच, तर कुठे इंग्रजी दिलेला आढळतो, तेव्हा यांतला खरा कोणता, असा प्रश्न विचारला गेला आहे.

कागदावरचे जीएसएम आधी बाजूला काढू, कारण त्याचा फोनशी काडीचाही संबंध नाही. ते 'ग्रॅम पर स्क्वेअर मीटर' हे माप असून त्यातला 'पर' गाळला आहे. ए-फोर कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून 80 जीएसएमचा असा एक कागद 5 ग्रॅम भरतो.

दूरसंचारातल्या जीएसएमची गोष्ट अधिक गमतीची आहे. युरोपातील अनेक देशांत चालेल अशी एकच मोबाइल यंत्रणा आखण्यासाठी तिथल्या टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने 1982 मध्ये एक समिती नेमली आणि तिला 'ग्रूप स्पेस्याल मोबिल' हे फ्रेंच नाव दिले. म्हणजे जीएसएम हे मुळात यंत्रणेचे नावच नव्हे. ते ती आखणाऱ्या मंडळींचे नाव. पुढे यंत्रणाही त्याच अक्षरांनी ओळखली जाऊ लागली, तेव्हा अक्षरे न बदलता 'ग्लोबल सिस्टिम फॉर मोबाइल कम्युनिकेशन्स' हा विस्तार त्यांवर बसवण्यात आला. हा अंगरखा बेतून शिवलेला नाही हे त्याची शिवणच सांगते : 'कम्युनिकेशन्स'मधल्या 'सी'ला लघुरूपात जागाच मिळालेली नाही. समितीचे नावही पुढे 'स्पेशल मोबाइल ग्रुप', म्हणजे एसएमजी, असे झाले. शब्द तेच, फक्त विशेषणे नामाच्या आधी आणणाऱ्या इंग्रजीच्या क्रमाने अक्षरांच्या जागा बदलल्या.

म्हणून दोन्ही विस्तार खरे आहेत, पण एकाच वस्तूचे नाहीत. समितीविषयी लिहिताना फ्रेंच आणि यंत्रणेविषयी लिहिताना इंग्रजी विस्तार द्यावा. 'जीएसएम म्हणजे मोबाइल' असे मात्र लिहू नये. बेल्जियममध्ये हातातल्या फोनलाच जीएसएम म्हणतात हे खरे, परंतु मराठीत ते एकटे उभे राहत नाही. आपण 'जीएसएम फोन' म्हणतो तेव्हा ते विशेषणासारखे येते, आणि '80 जीएसएमचा कागद' म्हणतो तेव्हा किलो-मीटरांच्या पंगतीत बसून षष्ठीचा प्रत्यय घेते; त्यामुळे विस्तार माहीत नसलेल्या वाचकाचाही सहसा घोटाळा होत नाही.