मित्राचं सुतक कोण धरतं?

"मित्रच होता हो, नात्यातला नाही. मग मी अजून का सावरत नाहीये?" साठी ओलांडलेले पुरुष हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन फार येतात. आपल्याकडे मित्राला सुतक नाही. दहाव्याला रामकुंडावर तो गर्दीत मागे उभा राहतो, पिंडाला कावळा शिवला की घरी जातो. त्याला भेटायला कोण येणार?

नाशिकरोडचे एक काका (ओळख बदलली आहे) असेच आले. त्यांचा जिवलग मित्र आकाशवाणीवर निवेदक होता. तो गेल्यावर जो तो त्याच्या आवाजाच्या आठवणी काढत होता. काका रोज रात्री त्याची जुनी रेकॉर्डिंग ऐकत बसायचे. मुलगा म्हणाला, "बाबा, सगळं डिलीट करा."

"ऐकून बरं वाटतं का?"

"छे. जास्तच रिकामं वाटतं, मॅडम."

मग मी विचारलं, "माईक बंद झाल्यावर ते कसे होते?"

काका चक्क हसले. "घुम्या! टपरीवर मीच बडबडायचो. बँकेतलं राजकारण, घरातली भांडणं... तो चहा फुंकत नुसतं 'मग?' म्हणायचा."

तो "मग?" तोंडातून निघाला आणि काका मोठ्याने रडायला लागले. मी पुढे केलेला टिश्यूचा डबा बाजूला सारून त्यांनी खिशातला रुमाल काढला.

गावाचा निवेदक गेला होता, काकांचा ऐकणारा. तो रेकॉर्डिंगमध्ये कसा सापडणार? इतका साधा प्रश्न वेळेवर सुचायला मला बरीच वर्षं प्रॅक्टिस करावी लागली आहे, हेही सांगून टाकते.

गेलेल्या माणसातून मन काढून घ्यावं, असं मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलं. ते मला कधीच पटलं नाही. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, हे १९९६ मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं मत मला जवळचं वाटतं. म्हणून "पुसून टाका" असं मी कोणालाच सांगत नाही. काकांना म्हटलं, त्याला जे सांगितलं असतं ते वहीत लिहा, जमेल तेवढं काकूंना सांगा. आणि वहिनींना भेटून या. त्यांचा घुम्या माणूस त्यांनाही श्रद्धांजल्यांत सापडला नसेल. काका जाऊन आले. आता महिन्यातून एकदा जातात.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच असेल, झोप, जेवण, रोजची कामं होत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणंच नको वाटत असेल, तर त्याच दिवशी.