पाककृतींचं एक अख्खं पुस्तक घरी करून संपवता येतं का?

नोकरी सांभाळून, घरात चार माणसं असताना, पाककृतींचं एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्षभरात करून होईल का, असं तुम्ही विचारलंय. पुस्तक संपतं. पण पानांच्या क्रमाने जाऊ नका आणि वर्षाचा हट्टही धरू नका.

वर्षाची कल्पना बहुधा ज्युली पॉवेलमुळे येते. न्यूयॉर्कच्या या बाईंनी २००२ साली ज्युलिया चाइल्ड यांच्या फ्रेंच स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या ५२४ कृती ३६५ दिवसांत करायला घेतल्या. रोजची सरासरी जवळपास दीड पडते, तीही नोकरीवरून घरी आल्यावर. मराठी पुस्तकात चटण्या, कोशिंबिरी, सरबतं भरपूर असतात आणि ती रोजच्या जेवणासोबत उरकतात. माणूस अडकतो तो गोडात आणि तळणात.

मी गोव्यात फोंड्याला राहते. मी घेतलेलं पुस्तक घाटावरच्या हाताचं होतं. दाण्याचं कूट सढळ आणि ओलं खोबरं ‘आवडीनुसार’. आमच्याकडे खोबऱ्याच्या बाबतीत आवडीचा प्रश्नच नसतो, निम्मा नारळ वाटणात जातोच. सुरुवातीलाच मी एक नियम केला: क्रम माझा, कृती पुस्तकाची. पहिल्यांदा करताना लिहिलंय तसंच करायचं. चिंचेच्या जागी सोलां (आमसुलं) नाही, आमटीत तेफळ नाही. तेवढं पाळलं नाही तर पुस्तकातली नावं देऊन आपण आपलाच स्वयंपाक करत राहतो, मग पुस्तक हवंय कशाला? सासूबाई चौथ्या दिवशी ताटाकडे बघून “आयज नुस्तें ना?” (आज मासळी नाही?) एवढंच विचारायच्या. त्याची तयारी ठेवा.

आता क्रम. पेन्सिल घेऊन अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक कृतीपुढे महिना लिहा. हे काम एका रविवारी होतं आणि पुढची अर्धी डोकेदुखी वाचते. पुस्तकात सगळी वाळवणं एकत्र आणि सगळी पक्वान्नं एकत्र असतात, पण तसं कुठलंच घर जेवत नाही.

मसाल्यांचं प्रकरण मात्र कुठेही छापलेलं असलं तरी सगळ्यांत आधी. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी तयार असली की पुढच्या कितीतरी कृती सोप्या होतात. भाजणी दळायला देताना गिरणीवाल्याला विचारा, आधी मिरच्या दळल्यात का. कुरडया आणि सांडगे फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. गहू तीन दिवस भिजवून चीक काढलात आणि मे महिन्याचा दमट वारा लागला, तर कडक ऊन असूनही गोव्यात कुरडई आतून ओलसर राहते. टाकळा पहिल्या पावसानंतर लगेच करायचा, नंतर पाला जून होतो.

मासळीचं प्रकरण पावसाळ्यात बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. खाडीतली, मानशीतली (खाजणाच्या बांधाच्या दारातली) मासळी मिळते, पण थोडी आणि महाग. मग श्रावण, आणि आमच्यासारख्या घरांत चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत मासळी नाहीच. म्हणजे भाज्या, उसळी, उपासाचे पदार्थ यांना सलग अडीच-तीन महिने मिळतात. पुस्तकातला सगळ्यांत जाड भाग याच दिवसांत बारीक होतो.

गोडाचं प्रकरण सणांना वाटून टाका. चार माणसांच्या घरात, त्यातल्या एकाला साखरेचा आजार, आठवड्याला दोन पक्वान्नं कोण खाणार? चवथीला पाहुणे असतात. तेव्हा मोदक, करंज्या आणि पुस्तकातल्या दोन-तीन खिरी सहज खपतात. नेवऱ्या आणि पातोळ्या आपल्या पद्धतीने होतातच, त्यांना धक्का लावू नका. घरचे ऐकणार नाहीत. अनारसे दिवाळीत करा, कारण भिजवलेले तांदूळ सावलीत वाळवून दळायचे असतात आणि पावसाळी हवेत ते वाळता वाळत नाहीत. चार माणसांसाठी गोड नेहमी निम्म्या मापाने करा. पाक मात्र कमी प्रमाणात झटकन पुढे जातो, तिथून हलायचं नाही.

ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्यांना इथे वेगळीच अडचण. दुकानातलं पाकीटबंद पीठ बऱ्याचदा जुनं असतं, त्याची विरी गेलेली असते, आणि मग कितीही मळा, भाकरी थापताना कडेने फाटते. गरम पाण्याची उकड काढून थोडं निभतं. खरा उपाय म्हणजे ज्वारी आणून थोडी थोडी दळून घेणं. हुरड्याच्या कृती तर इथे बसून होतच नाहीत. कोणी थंडीत बेळगावच्या पलीकडे जाणार असेल तर त्याला पिशवी द्यायची.

पुस्तक निवडताना आधी मापं बघा. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’सारखी वाटी-चमच्याची मापं असली तर काम सुटसुटीत होतं. अशा वेळी एकच वाटी ठरवून ती बाजूला ठेवा, शेवटपर्यंत तीच. त्याहून जुनं पुस्तक हाती लागलं तर तोळे-मासे येतील. तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा, डिजिटल काटा असला की भागतं. ‘अंदाजे’ आणि ‘बेताचं’ हे शब्द पानोपानी असतील तर ते पुस्तक वाचायला छान, पण क्रमवार करायला घेऊ नका.

नोकरीचं म्हणाल, तर कामाच्या दिवशी एक नवा पदार्थ पुरे, बाकी ताट नेहमीचं. वरण-भात किंवा हुमण (माशाची आमटी)-भात हाताशी असला की नवी भाजी फसली तरी कोणी उपाशी उठत नाही. वाटण-घाटणाचे, तळणाचे, भिजवण्याचे प्रकार शनिवार-रविवारी. माझं पुस्तक वर्षाच्या बरंच पुढे गेलं. वाळवणांचे दोन प्रकार एक उन्हाळा हुकला म्हणून पुढच्या फेब्रुवारीवर ढकलले, आणि हुरड्याच्या पानावरची खूण अजून व्हायची आहे.