साथीच्या रोगात माणसं तुलनेने कमी दगावली, तरी गरीब देशाचं आर्थिक कंबरडं का मोडतं? सोलापुरात हे नुकसान कुठे मोजायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मृत्यूंचा आकडा लोकसंख्येच्या मानाने लहान असूनही विकसनशील देशांना साथीचा एवढा फटका का बसतो, आणि सोलापूरवर प्रकल्प लिहायचा तर तो फटका नेमका कुठे शोधायचा. दोन्हींचं उत्तर मला एकाच ठिकाणी दिसतं, ते म्हणजे हातातल्या फिरत्या पैशात. रोग घरात शिरण्याआधीच आठवड्याचा पगार आणि बाजारातली उधारी अडकते. आपल्याकडचे बहुतेक धंदे चालतात ते या दोन्हींवरच.

आधी एक नेहमीचा वाद मिटवू. ‘नुकसान रोगाने नाही, लॉकडाऊनने केलं’ हे अर्धंच खरं आहे. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. मृत्यू पन्नासच्या आसपास. देशभर टाळेबंदी वगैरे काही नव्हती. तरी काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले, त्यात यंत्रमागावरचे आणि हिऱ्याचे कारागीर मोठ्या संख्येने होते. आखाती देशांनी विमानं थांबवली, भारतीय माल अडवला, पर्यटकांनी बेत रद्द केले. नुकसानीचे अंदाज दोन अब्ज डॉलरच्या घरात गेले. २०१४ ते २०१६ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोलाने सुमारे ११,३०० माणसं गेली. लायबेरियाचा विकासदर २०१३ मध्ये आठ टक्क्यांच्या वर होता, तो पुढच्या वर्षी एका टक्क्याच्याही खाली आला. सिएरा लिओनची अर्थव्यवस्था २०१५ मध्ये सुमारे वीस टक्क्यांनी आकसली, पण त्याच काळात लोहखनिजाचा भावही कोसळला होता, म्हणून ते सगळं खापर इबोलावर फोडू नका. प्रकल्पात हा फरक दाखवलात तर तपासणारा खूश होईल.

थोडक्यात, सरकारने बंदी घातली नाही तरी भीती बाजार बंद पाडते. बंदीमुळे ते सगळीकडे एकाच दिवशी होतं, एवढंच.

आता सोलापूर. विडी कामगार घेऊ. विडी घरात बसून वळली जाते, म्हणजे बंदीचा त्रास होऊ नये असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात बाईला तेंदूपान, तंबाखू आणि सूत कंपनीच्या शाखेतून आणावं लागतं. पानं भिजवायची, पत्र्याच्या फर्म्यावर कात्रीने कापायची, वळायची, कट्टे बांधायचे आणि माल परत शाखेत न्यायचा. तिथे छाट (खराब म्हणून नाकारलेल्या विड्या) काढून उरलेल्याची मजुरी मिळते. शाखा बंद झाली की घरातलं काम त्याच दिवशी बंद. शिवाय तेंदूपानाची तोडणी एप्रिल-मेमध्ये होते. २०२० ची टाळेबंदी २५ मार्चला लागली, म्हणजे बरोबर हंगामाच्या तोंडावर. तो हंगाम हुकला तर पान थेट पुढच्या उन्हाळ्यात.

हिशेब मांडून बघा. आकडे समजण्यापुरते धरलेत. हजार विड्यांना २०० रुपये, रोज ८०० विड्या, आठवड्याचे सहा दिवस: ९६० रुपये. नवरा मागावर, रोज ४५० प्रमाणे २,७०० रुपये. आठवड्याला घरात ३,६६० येतात आणि शिल्लक चार-पाच हजारांच्या वर नसते. दोन्ही कामं एकाच दिवशी थांबली. पहिला आठवडा शिल्लकेवर जातो, दुसऱ्यापासून किराणा उधारीवर. मग घरभाडं थकतं, बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा हप्ता चुकतो. सोनं गहाण पडतं ते त्यानंतर. शेवटी विकली जाते शिलाई मशीन किंवा दुचाकी. हा क्रम महत्त्वाचा आहे. सोनं सुटू शकतं, पण मशीन विकली की साथ संपल्यावरही कमाई परत येत नाही. दिलेली मदत मशीन विकण्याआधी पोचली की नंतर, यावर तिचा निम्मा उपयोग ठरतो.

सोन्याचं इथे थोडं खोलात सांगतो, कारण हा भाग बहुतेक लेखांत निसटतो. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली, मार्च २०२१ अखेरपर्यंत. त्याच महिन्यात दहा ग्रॅमचा भाव ५६,००० च्या आसपास चढला होता. समजा ५५,००० च्या सोन्यावर कुणी ४९,५०० उचलले. मार्च २०२१ मध्ये भाव ४५,००० च्या आगेमागे उतरला. कर्ज अधिक व्याज आता तारणापेक्षा जास्त झालं. बँक फरक भरा म्हणते. तो भरता आला नाही, की लिलाव. (कॅरेट, घट, सरासरी भाव हे सगळं बाजूला ठेवलंय, गणित कळण्यापुरतं.) सवलत चांगल्या हेतूने दिली होती, पण भाव शिखरावर असताना दिलेलं जादा कर्ज म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात पडलेली जोखीम.

यंत्रमागाची गोष्ट वेगळी आहे. कारखानदार सूत महिनाभराच्या उधारीवर घेतो, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) भरतो, टॉवेल किंवा चादर विणून व्यापाऱ्याला दोन-तीन महिन्यांच्या उधारीवर देतो. म्हणजे जानेवारीत दिलेल्या मालाचे पैसे मार्च-एप्रिलला यायचे असतात. ते आले नाहीत, की बंदी उठल्यावरही माग सुरू करायला सूत नसतं, कारण जुनी बाकी असलेल्याला सूतवाला नवं सूत रोखीनेच देतो. त्यात २०२० च्या अखेरीपासून सुताचे भाव चढत गेले. चोवीस मागांना महिन्याला सहा लाखांचं सूत लागत असेल आणि भाव तीस टक्क्यांनी वाढला, तर तेवढेच माग चालवायला सात लाख ऐंशी हजार हवेत. हातात साडेतीन-चार लाख असतील तर बारा माग चालतात. बाहेरून बघणाऱ्याला कारखाना ‘सुरू’ दिसतो, आतले निम्मे कामगार मात्र घरी.

मागणीकडूनही मार बसला आणि तो बारीक तपशिलात बघण्यासारखा आहे. आपल्याकडे लग्नात मानपानाला टॉवेल-टोपी लागते. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली म्हणजे टॉवेलची गठ्ठ्याने होणारी खरेदी गेली. सोलापूरचा गणवेशाचा धंदा तर याहून वाईट अडकला. शाळा जूनला उघडतात, कापड आणि शिलाईची तयारी त्याआधी काही महिने चालते. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा पैसा कापडात गुंतलेला होता. पहिली ते चौथीचे ग्रामीण वर्ग राज्यात १ डिसेंबर २०२१ ला उघडले, म्हणजे दोन जून पूर्ण कोरडे गेले. एखाद्या शाळेच्या ठरावीक चौकडीचं कापड दुसरीकडे खपत नाही.

पंढरपूरबद्दल थोडक्यात: त्या गावाची वर्षाची कमाई चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांवर उभी आहे. २०२० ला चैत्री झाली नाही, आषाढीला पालख्या एसटीने आल्या, कार्तिकीला संचारबंदी होती, २०२१ च्या माघीलाही तीच गत. बुक्का, तुळशीमाळा, चुरमुरे विकणाऱ्याचा बुडालेला हंगाम पुढच्या वर्षी दुप्पट होऊन येत नाही. पर्यटनावर जगणाऱ्या देशांचं हेच होतं. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जफेड थांबवली, त्यामागे करकपात आणि रासायनिक खतबंदीचे स्वतःचे घोळ होतेच, पण पर्यटनातले डॉलर आटणं हेही एक कारण होतं.

मग श्रीमंत देश कसे सावरतात? ते पैसा उभा करू शकतात, तोही स्वतःच्या चलनात आणि स्वस्तात. अमेरिकेने २०२० मध्ये पहिल्याच हप्त्यात बहुतेक प्रौढांना १,२०० डॉलर दिले, त्या वेळच्या भावाने नव्वद हजार रुपयांच्या आसपास. आपल्याकडे जनधन खातं असलेल्या महिलेला महिन्याला ५०० प्रमाणे तीन महिने, एकूण १,५०० रुपये. तिकडची महागाई धरली तरी हे अंतर भरून निघत नाही. उलट संकट आलं की परदेशी गुंतवणूकदार गरीब देशांतून पैसा काढतात. २०२० च्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत उदयोन्मुख देशांतून ८० अब्ज डॉलरहून जास्त बाहेर गेले, रुपया डॉलरला ७६ च्या पार घसरला. भारत निदान रुपयात कर्ज काढू शकतो. झांबियाचं देणं डॉलरमध्ये होतं, नोव्हेंबर २०२० मध्ये तो हप्ता चुकला.

कर कमी येतो आणि खर्च वाढतो, तेव्हा कात्री विकासकामांवर पडते. महाराष्ट्राने मे २०२० मध्ये त्या वर्षाचा विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी भरतीही थांबवली. ज्या मजुराचा माग बंद होता त्याला रस्त्याच्या कामावरही रोजगार उरला नाही.

मदत कुठे पोचली आणि कुठे अडली, हे माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचं मुख्य प्रकरण व्हायला हवं. माणशी पाच किलो मोफत धान्याने भूक बऱ्यापैकी आवरली, त्याला नाव ठेवायला जागा नाही. रोजगार हमीची तरतूद ६१,५०० कोटींवरून एक लाख कोटींच्या वर नेली, पण ती गावासाठी आहे. शहरातल्या मागवाल्याला त्यात हजेरी लागत नाही. हे सोलापूरला विशेष लागू पडतं. आपल्या जिल्ह्याला दुष्काळाची सवय, आणि टँकर, चारा छावणी, रोहयो ही सगळी यंत्रणा दुष्काळासाठी बसवलेली. दुष्काळात गावचा माणूस शहराकडे येतो, साथीत शहरातला माणूस गावाकडे जातो आणि पुण्या-मुंबईहून येणारी मनीऑर्डरही त्याच्याबरोबर थांबते. शहरी गरिबासाठी तशी तयार यंत्रणा नव्हती.

कर्जहप्त्यांची सवलतही नीट वाचा. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलता आले, व्याज मात्र चालू होतं. पाच लाखांवर वर्षाला १२ टक्के धरले तर सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज साधारण ३०,७६० रुपये होतं. पुढे सरकारने व्याजावरचं व्याज परत केलं, म्हणजे त्यातले ७६० रुपये. उरलेले तीस हजार कर्जदाराच्या डोक्यावरच राहिले. सरकारी हमीचं जादा कर्ज २९ फेब्रुवारी २०२० ला बाकी असलेल्या बँककर्जाच्या २० टक्के मिळालं. ज्याचं सगळं भांडवल सूतवाल्याची उधारी होतं, त्याच्या नावावर बँकेचं कर्जच नव्हतं. वीस टक्के कशाचे काढणार?

विडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधी लागू आहे. मार्च २०२० च्या अखेरीस त्यातून शिल्लकेच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचं वेतन, यातली कमी रक्कम काढायची सोय झाली, पुढच्या वर्षी पुन्हा एकदा. ती परत भरायची नव्हती, त्यामुळे अनेकांना सोयीची वाटली. हा खर्च दिसेल तो कामगार साठीला पोचल्यावर.

आता मोजायचं कसं. एकूण उत्पन्नाच्या आकड्याने सुरुवात करू नका. एप्रिल-जून २०२० मध्ये देशाचं उत्पन्न सुमारे २४ टक्के घटलं आणि पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २० टक्के वाढलं. शंभराचे आधी शहात्तर झाले, मग सुमारे एक्क्याण्णव. तरी ‘विक्रमी वाढ’ छापून आली. म्हणून तुलना नेहमी २०१९ च्या त्याच महिन्याशी करा. शिवाय तिमाही अंदाजात असंघटित क्षेत्राचं मोजमाप बरंचसं संघटित कंपन्यांच्या आकड्यांवरून होतं, त्यामुळे घरी विडी वळणारी बाई त्यात दिसतच नाही.

त्यापेक्षा यंत्रमाग जोडण्यांचा महिन्याचा वीजवापर घ्या, युनिटमध्ये. बिलाची रक्कम घेऊ नका, कारण स्थिर आकार माग बंद असला तरी लागतो. विडी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी प्रत्यक्ष जमा झालेली खाती किती, हे दुसरं. मराठी वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या सोनेतारण लिलावाच्या जाहिराती हे तिसरं, त्या पुढच्या सहा-आठ महिन्यांच्या अंकांतही बघा, कारण नोटीस उशिरा निघते. चौथं म्हणजे खासगी शाळेतून महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत आलेली मुलं. पटसंख्येत ती ‘वाढ’ म्हणून नोंदली जातात, म्हणून दाखल्यावरची आधीची शाळा तपासा. बाजार समितीतली कांद्याची आवक मात्र या कामाला घेऊ नका. त्या वर्षी शेती वाढली होती, आणि भाव पडला तरी गाड्या येतच राहतात.