ग्रीक पुराणकथा: सुरुवात करताना

स्वागत! आधी एकच सवय लावून घ्या: कथा वाचली की ती कोणी आणि कधी सांगितली ते बघायचं. मेड्युसाचंच घ्या. अथेना देवीने या सुंदर मुलीच्या केसांचे साप केले, ही रोमन कवी ओव्हिडची कथा, इ.स. 8 च्या सुमाराची. त्याच्या सातेकशे वर्षं आधीच्या ग्रीक कवी हेसिऑडकडे ती जन्मानेच गॉर्गन, म्हणजे राक्षसीण. शापबिप काही नाही. मीही सुरुवातीला दोन्हींची भेळ केली होती.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- जगातली दुःखं जिच्यातून बाहेर पडली ती पँडोराची 'पेटी'. हेसिऑडचा शब्द 'पिथोस', म्हणजे चक्क रांजण!
- अथेन्स म्हणजेच ग्रीस समजणं. स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक नगरराज्यात बायकांच्या नावावर जमिनी असत, अथेन्सला नाही.

मूळ ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह 'पर्सियस डिजिटल लायब्ररी'वर फुकट आहेत. वाचताना ओळ क्रमांक टिपत चला. ग्रीक शिकायची घाई सध्या नको.