खांद्यावरची ती रेघ

प्रश्न : ताई नमस्कार, मी खानापूर तालुक्यातली. टायफॉईड होऊन गेल्यावर केस लई गळाले म्हणून खांद्यापर्यंत कापून टाकले, एकदम सरळ कट. आता मे मध्ये बहिणीचं लग्न आहे म्हणून बेळगावात गणपत गल्लीत जाऊन 20 इंची क्लिपवालं एक्स्टेंशन आणलं, खऱ्या केसांचं. पण लावलं की माझे केस खांद्यावर संपतात आणि तिथनं खाली दुसरेच केस सुरू झाल्यासारखं दिसतंय. वहिनी म्हणायलीय तुझेच केस लेयर करून घे म्हणजे मिसळतील. कापू का? आधीच एवढे गेलेत, मन होईना झालंय.

उत्तर : नको गं, तुझ्या केसांना हात लावू नकोस. मोठ्या तापानंतर केस दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात आणि बहुतेकींचे नंतर परत येतात, ते आता येत असतील तर येऊ देत. कात्री लागायची ती एक्स्टेंशनला.

पण आधी सांग, लग्नात केस मोकळे सोडणार का? अंबाडा किंवा वेणी घालून वर गजरा माळणार असशील तर काहीच कापू नकोस. आपल्या आज्या गंगावन लावायच्या ते कुठं कोण कापून मिसळत बसलं होतं, जोड वेणीच्या पेडात जायचा आणि संपलं. कापायचा प्रश्न येतो तो मोकळ्या केसांना, म्हणजे रिसेप्शनला.

ती रेघ दिसते कारण तुझे सगळे केस एकाच ओळीत संपतात आणि एक्स्टेंशन त्या ओळीखालनं एकदम लांबच्या लांब जातं, मधल्या लांबीचे केसच नाहीत. ते मधले केस एक्स्टेंशनमध्ये तयार करायचे, एवढंच काम आहे. आणि खांद्यापर्यंतच्या केसांना 20 इंच जास्तच होतात बघ, 16 वर आणलंस तर निम्मा त्रास तिथंच कमी.

मानेवरचे सगळ्यात खालचे केस बारीक वेणी घालून डोक्याला सपाट पिन करून टाक, बाहेर डोकावतात ते तेच असतात. त्याच्या वर एक्स्टेंशनची पहिली क्लिपवाली पट्टी. सगळ्यात रुंद पट्टी मागं कानाच्या उंचीला, बाजूच्या पट्ट्या कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेपासून दोन बोटं आत, नाहीतर वारा आला की क्लिप दिसते.

आता कापायचं, आणि हे डोक्यावर लावूनच, कोरड्या केसांवर, तुझा रोजचा भांग पाडून. मी शिकत असताना एका नवरीचं एक्स्टेंशन टेबलावर ठेवून ओलं कापलं होतं, वाळल्यावर दोन इंच आखूड झालं आणि तिचं तोंड उतरलेलं मला अजून आठवतंय. तुझे केस वाढतील, एक्स्टेंशनचे वाढत नाहीत. म्हणून अर्धा-अर्धा इंचच घे. पुढच्या बटा हनुवटीच्या खालनं सुरू करून तिरक्या उतरवत न्यायच्या, कात्री उभी धरून टोकांत शिरवायची, आडवी कधीच नाही, आडवी धरलीस की दुसरी रेघ तयार. थिनिंग कात्री, म्हणजे केस विरळ करणारी दातेरी कात्री, असेल तर बटेच्या मधनं खाली एक-दोन वेळाच चालव, मग विंचर आणि लांब उभी राहून आरशात बघ. वर पट्टीच्या शिवणीजवळ नको, तिथले आखूड तुकडे उभे राहून तुझ्या केसांतनं बाहेर येतात. हे घरी जमेल असं वाटत नसेल तर पार्लरमध्ये जा, पण लावूनच कापा असं ठासून सांग.

शेवटी टाँगने कर्ल करताना तुझे केस आणि एक्स्टेंशनचे एकाच बटेत धरून फिरव, गार होऊ दे, मग बोटांनी सोडव. एवढ्यानंच खूप मिसळतं, सरळ केसांत सगळं उघडं पडतं. आणि मेंदी लावत असशील तर एक्स्टेंशनचा रंग ट्यूबलाइटखाली बघू नकोस, दारात उन्हात बघ, तुझ्या केसांच्या टोकांशी जुळला पाहिजे, मुळांशी नाही. रात्री झोपताना मात्र सगळं काढून ठेव, नवीन येणाऱ्या केसांची मुळं ओढली जातात.

प्रश्न : मी निपाणीची. एक्स्टेंशनला स्ट्रेटनर लावला तर टोकं चिकटून गुठळी झाली. दुकानदार खरे केस म्हणाला होता.

उत्तर : खरे नव्हते ते. खरा केस जळतो, त्याचा तसा वास येतो आणि राख बोटानं चुरते, सिंथेटिक वितळून त्याचा कडक मणी होतो. पुढच्या वेळी विकत घ्यायच्या आधी एकच केस काडेपेटीवर धरून बघ, दुकानदारासमोरच. आता ती गुठळीची टोकं उभ्या कात्रीनं काढून टाक आणि उरलेलं वेणीत वापर, इस्त्री लावू नकोस.